टेपचा बसलेला गळा

आमच्या घरी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. त्याला दोन बाजूंना दोन स्पीकर आहेत. माझे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्या भजनाची एक कॅसेट आहे. आजोबा आता नाहीत. आजी दर एकादशीला ती कॅसेट लावते.

या आषाढीला कॅसेट लावली तर नुसते फर्रर्र फर्रर्र व्हायला लागले. टेप दुकानात नेला. दुकानदार म्हणाले, "टाकून द्या, नवीन घ्या." आजी काहीच बोलली नाही. तिने टेप फडक्यात बांधून ठेवला.

नंतर काका सुट्टीला आले. ते म्हणाले, "आधी काय बिघडलंय ते तर बघू!"

काकांनी प्लग काढला, थोडा वेळ थांबले आणि मग स्क्रू खोलले. मी जवळ बसून सगळे पाहिले. स्पीकरला पुढे कागदाची वाटी असते. तिला कोन म्हणतात. कोनच्या कडेला मऊ फोमची पट्टी असते. आमची पट्टी जुनी होऊन कुजली होती. बोट लावले की भुगा पडायचा. कोन नीट धरला जात नव्हता, म्हणून आवाज फाटत होता.

आता स्पीकर बोलतो कसा ते सांगतो. तारेतून वीज गेली की तार लोहचुंबकासारखी वागते. हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी १८२० साली शोधले. आम्ही वर्गात खिळ्याला तार गुंडाळून सेल लावला होता, तेव्हा टाचण्या चिकटल्या होत्या ना, तसेच. कोनच्या मागे बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्याच्याभोवती मोठा लोहचुंबक असतो. टेपमधली वीज सारखी उलटसुलट होते. त्यामुळे वेटोळे पुढे-मागे होते, कोन हलतो, कोनमुळे हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

काकांनी जुन्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला. टक् असे वाजले! म्हणजे तार तुटलेली नव्हती, फक्त कडा गेली होती. पण तशी कडा मिळेना, म्हणून काकांनी दोन्ही स्पीकर नवे आणले.

स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम, ५ वॅट असे लिहिले होते. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. जुना ८ ओहमचा असेल तर नवाही ८ चाच घ्यावा. ४ चा लावला तर वीज जास्त जाते आणि टेपच्या आतले भाग तापून जळू शकतात. वॅट थोडे जास्त असले तरी चालतात. माप मात्र तेच हवे. आमचे ४ इंची होते.

काका कथलाचा डाग देऊन तारा जोडत होते आणि मी तारांचे रंग सांगत होतो. कॅसेट लावली. आवाज स्वच्छ आला. पण आजी म्हणाली, "टाळ येतोय रे, पण पखवाज कुठं गेला?"

काकांनी परत खोलून पाहिले. चूक माझी होती! एका स्पीकरच्या अधिक-उणे तारा मी उलट सांगितल्या होत्या. त्यामुळे एक कोन बाहेर यायचा तेव्हा दुसरा आत जायचा. एक हवा ढकलणार, दुसरा ओढणार. मग पखवाजाचा जाड आवाज जिरून जायचा. काकांनी तारा बदलल्या आणि धुम् धुम् पखवाज वाजला. आजी गुडघ्यावर ताल धरून म्हणाली, "हा त्यांचाच हात!"

लक्षात ठेवा :
१) मोठी माणसे जवळ असल्याशिवाय टेप किंवा रेडिओ खोलू नका.
२) आधी प्लग काढा. आतल्या कंडेन्सरमध्ये नंतरही थोडा वेळ वीज राहते.
३) जुन्या तारा काढण्याआधी त्यांचे रंग कागदावर लिहून ठेवा. मी लिहिले नव्हते.

आमचा टेप बिघडला नव्हता, त्याचा फक्त गळा बसला होता. एक जुना स्पीकर मी वर्गात टेबलावर ठेवला आहे. त्याच्या पाठीला टाचणी लावून पाहा, कशी चिकटते ती!

— इयत्ता चौथी