मागें बसणारें माणूस

बुलढाणा जिल्ह्यांत चिखलीहून खामगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री हें गांव आहे. बाजार, दवाखाना, कचेरी, कॉलेज, कशासाठींही निघालें तरी या बाजूच्या माणसाला बहुधा चिखली गांठावी लागते, नाहीं तर खामगांव, आणि एस्. टी.च्या वेळेशीं आपली वेळ जुळली नाहीं म्हणजे अंगणांतली मोटारसायकल बाहेर निघते. शहरांत जी वस्तु तरुणाच्या हौसेची समजली जाते, तीच येथें संसाराची गाडी आहे. तिच्यावर खताचें पोतें जातें, दुधाचे कॅन जातात, परीक्षेला निघालेली मुलगी जाते, आणि औषधासाठीं म्हातारी आईही जाते. चालविणाऱ्याच्या मागें कोणीतरी बसलेलें असणें हाच येथील नित्याचा प्रकार होय. तथापि पोशाख, उपकरणें आणि दक्षता यांविषयीं जें कांहीं बोललें जातें, तें प्रायः पुढच्या माणसापुरतेंच असतें.

मोटारसायकलस्वाराच्या डोक्याच्या रक्षणाचा विचार शास्त्रीय रीतीनें होऊं लागला, त्याला एका प्रसिद्ध मृत्यूनें चालना दिली. अरबस्तानांतील पराक्रमामुळें गाजलेले टी. ई. लॉरेन्स हे १९३५ च्या मे महिन्यांत मोटारसायकलीवरून पडले आणि शुद्धीवर न येतांच सहा दिवसांनीं वारले. त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें केर्न्स यांनीं लष्करांतील निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ सालीं शिरस्त्राणाचें महत्त्व दाखवून दिलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यांत अशा निरोप्यांना तें सक्तीचें झालें.

हेल्मेट विकत घेतांना लोक त्याचें बाहेरचें कवच आणि त्यावरील रंग पाहतात. खरें काम आंतील थर्मोकोलसारख्या थराचें आहे. दीड मीटर उंचीवरून डोकें नुसतें खालीं आलें, तरी जमिनीला लागतेवेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें २० किलोमीटर असतो. मग गाडी उभी कां असेना. उघडें डोकें डांबरावर आदळलें कीं दोन-तीन मिलिमीटरांतच थांबतें. मधला थर दबत दबत दोन-अडीच सेंटिमीटर चुरला, तर थांबावयास जवळजवळ दसपट अंतर मिळतें आणि मेंदूला बसणारा हिसका त्याच मानानें उणावतो. मात्र चुरलेला थर पुन्हां फुगत नाहीं. सबब एकदां जोराचा मार खाल्लेलें हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसो, तें निकामी समजावें. हनुवटीखालचा पट्टा मोकळा ठेवणाऱ्याचें हेल्मेट तर त्याच्या आधींच रस्त्यावर पोंचतें.

आतां हा सारा हिशेब मागच्या डोक्याला लागू नाहीं असें कोण म्हणेल? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२९ वें कलम चालविणाऱ्यास व मागें बसणाऱ्यास सारखेंच बांधून घेतें. आंकडेही तेंच सांगतात. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांतील ५०,०२९ माणसांनीं हेल्मेट घातलेलें नव्हतें. पैकीं ३५,६९२ चालविणारे होते, आणि १४,३३७ मागें बसलेले. घरांत एक हेल्मेट असतें व तें गाडीच्या धन्याचें असतें. गृहिणीसाठीं दुसरें घेणें हा मात्र अजूनही जादा खर्च वाटतो. गाडीची किंमत मोजतांना ज्यांचा हात आखडला नाहीं, त्यांनीं येथें काटकसर करावी हें चमत्कारिक होय.

मागच्या बैठकीची रीतही विचार करण्यासारखी आहे. दोन्ही पाय एका बाजूस सोडून बसलेल्या बाईला गुडघ्यांनीं गाडी धरतां येत नाहीं, आणि मांडीवर मूल किंवा पिशवी असेल तर एकच हात मोकळा उरतो. गतिरोधकावर गाडी उसळली कीं ती मागें फेंकली जाते. दोहों बाजूंस पाय टाकून बसणें अधिक सुरक्षित. गंमत अशी कीं, नऊवारी नेसणाऱ्या आजीबाईंना हें सहज जमतें, पांचवारी नेसणाऱ्या सूनबाईंनाच अडचण पडते! पदर, ओढणी किंवा उपरण्याचा शेव चाकांत गुंतला तर तो गळ्यालाच ओढतो. म्हणून मागच्या चाकावरील जाळी ही शोभेची वस्तु नव्हे. धरावयाची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आच्छादन हीं तिन्ही १९८९ च्या केंद्रीय नियमांनीं आवश्यक ठरविलीं आहेत. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठीं तर २०२२ सालीं निराळा नियम झाला: मुलाला चालविणाऱ्याशीं जोडणारा पट्टा, त्याच्या मापाचें हेल्मेट, आणि वेग ताशीं ४० किलोमीटरच्या आंत.

दुसरें माणूस बसलें म्हणजे गाडीही बदलते. मागचा भाग दबतो, पुढचा दिवा वर उचलला जातो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि आपल्यापुढचा खड्डा अंधारांत राहतो. मागच्या टायरमध्यें एकट्यासाठीं आणि दोघांसाठीं हवेचा दाब वेगवेगळा सांगितलेला असतो, व तो बहुधा गाडीवरच चिकटविलेला असतो, वाचणारे थोडे. ताशीं ६० किलोमीटर वेगांत, धोका दिसून हात ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला तरी तेवढ्यांत गाडी सुमारें १७ मीटर पुढें गेलेली असते. त्यानंतरचें थांबणें जादा वजनानें आणखी लांबण्याचा संभव असतो.

शेगांवला दर्शनाला, सिंदखेडराजास जिजाऊंच्या जन्मस्थानीं, किंवा सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें आणि २०२० सालीं रामसर यादींत आलेलें लोणारचें विवर पाहण्यास निघतांना हौशी मंडळी हातमोजे, जाड जाकीट, घोट्यावर चढणारे बूट असा जामानिमा करतात. करावाच, उन्हाळ्यांत मात्र जाळीदार जाकीट बरें, नाहीं तर घामानें जीव नकोसा होतो. पण बाजारापर्यंतच्या फेरीला तीच मंडळी चपला घालून निघतात. डांबरानें सोलणारी कातडी दोन्ही वेळां तीच असते. निदान पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा आणि बंद बूट एवढें तरी पुढच्या-मागच्या दोघांच्याही अंगावर असावें.

या मुलखाच्या रस्त्यांचे कांहीं स्वभाव बाहेरच्या प्रवाशाला ठाऊक नसतात. पावसाळ्यांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि पहिल्या सरीबरोबर तिचें लोणी होतें. सोयाबीनच्या दिवसांत कोठें कोठें रस्त्याचेंच खळें झालेलें दिसतें. पसरलेल्या दाण्यांवरून चाक गोट्यांवरून जावें तसें सरकतें. तेथें ब्रेक दाबूं नये, गाडी सरळ धरून वेग आधींच कमी करावा. संध्याकाळीं रोही आणि रानडुकरें रस्ता ओलांडतात, आणि कापसाच्या कांहीं ट्रॉल्यांना मागें दिवा नसतो. म्हणून लोणारहून परततांना विवराच्या कांठावरील सूर्यास्ताचा मोह आवरून दिवेलागणीपूर्वीं मुक्काम गांठावा, आणि वाटेंत तासाभरानें एकदां थांबून मागच्या माणसाला पाय मोकळे करूं द्यावे.