एका अक्षराचा फरक

ट्रेडमार्कच्या कामात नाव आधी मोठ्याने म्हणून बघायची सवय लागते. नवा मसाला किंवा नवं मलम काढणारा उद्योजक बहुधा लोगो पक्का करून, पाकिटांची ऑर्डर देऊनच आमच्याकडे येतो. मग रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध सुरू होतो. एकूण वर्ग ४५. त्यातला मसाल्यांचा ३०वा, औषधांचा ५वा. आधी नाव जसंच्या तसं टाकायचं, मग त्यातला ठळक तुकडा, मग 'फोनेटिक' शोध. तेवढ्यावर भागत नाही. रोमन लिपीत एकच मराठी नाव माणसं चार तऱ्हांनी लिहितात. म्हणून 'आय'च्या जागी दोन 'ई', 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू', 'एस'पुढे 'एच' असं करत पुन्हा पुन्हा शोधायचं. त्यातून आधीच नोंदलेला एखादा सख्खा भाऊ निघतो.

"अहो, पण आमचं एक अक्षर वेगळं आहे, रंगही वेगळा," असं म्हणत अशील दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो. गिऱ्हाइकाला अशी सोय नसते. त्याच्या हातात एकच पाकीट असतं, दुसरं आठवणीत. पारले ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर गाई, कोंबड्या आणि मुलगी होती. म्हैसूरच्या एका उत्पादकाचं वेष्टन तसंच दिसे. खालच्या न्यायालयांनी दोन्हींतले फरक दाखवून पारलेचा दावा फेटाळला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात, एकूण छाप सारखी आहे का ते बघायचं असतं.

त्याआधी, १९६२ मध्ये, 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांचा वाद आला होता. साधारण बुद्धीच्या, नाव अर्धवट आठवणाऱ्या माणसाला दोन्ही नावं सारखीच वाटतील, असं न्यायालय म्हणालं. तरीही लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण दुसरं औषध वर्षानुवर्षं विकलं जातंय हे ठाऊक असूनही अमृतधारावाले गप्प राहिले होते. औषधांच्या बाबतीत कसोटी आणखी कडक. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियावरच्या औषधांच्या खटल्यात, २००१ साली, न्यायालयाने बजावलं की इथल्या गफलतीची किंमत रुग्णाच्या जिवाने मोजावी लागू शकते.

अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो. हरकत घ्यायला चार महिने मिळतात. खरी धावपळ तेव्हा सुरू होते. नावं सारखी आहेत का, हे गिऱ्हाइकाच्या धूसर आठवणीवरून ठरतं. नाव कुणाचं, हे मात्र कागदावरच्या तारखांवरून. नोंदणीधारकाचा वापर आणि त्याची नोंदणी या दोन्हींच्या आधीपासून जो सलग ते नाव वापरत आला, त्याला कायद्याचं कलम ३४ संरक्षण देतं.

मग कपाटातून जुन्या बिलांचे गठ्ठे निघतात. तारीख असते, शिक्का असतो, आणि मजकूर नुसता 'मसाला, १० किलो'. ब्रँडचा पत्ताच नाही! असं बिल माल विकल्याचं सांगतं, कोणत्या नावाने विकला ते सांगत नाही. अशा वेळी पाकिटं छापणाऱ्याचं बिल शोधायला लावतो. त्यावर पाकिटांच्या संख्येबरोबर बहुतेकदा ब्रँडचं नावही असतं.