मुरुमांबरोबर ताप येतो तेव्हा

मालवणात पावसाळ्यात कुणी ‘झिलाक ताप इलो’ म्हटलं की आधी लेप्टो आठवतो. बरोबरच आहे, आधी तोच तपासायचा. पण पोरगा पंधरा-सोळाचा असेल, छाती-पाठीवरचे मुरुम अचानक फुटून त्यांच्या दुखऱ्या जखमा नि काळपट खपल्या झाल्या असतील, सांधेही दुखत असतील, तर एक दुर्मिळ आजार डोक्यात हवा : ॲक्ने फुल्मिनन्स. हे नाव प्लेविग आणि क्लिगमन यांनी १९७५ मध्ये दिलं.

गोम अशी, की जखमा चिघळलेल्या दिसतात म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं आणि ताप काही हटत नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये बहुधा जंतू सापडतच नाहीत. तैलग्रंथींत राहणाऱ्या, एरवी निरुपद्रवी जिवाणूंवर आपलीच प्रतिकारशक्ती भलती तुटून पडते, असं मानतात. कधी तर गळ्याखालच्या हाडालाही सूज येते.

म्हणून आधी प्रेडनिसोलोन, वजनाच्या किलोमागे रोज ०.५ ते १ मिलिग्रॅम. स्टेरॉइड म्हटलं की घरचे बिचकतात, पण इथे तेच लागतं. जखमा भरू लागल्यावर, काही आठवड्यांनी, आयसोट्रेटिनोइन. तेही किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून. मग स्टेरॉइड हळूहळू कमी. हा क्रम उलटा करून चालत नाही. आयसोट्रेटिनोइन मुरुमांवरचं उत्तम औषध, पण सुरुवातीलाच मोठी मात्रा दिली तर तेच हा आजार भडकवू शकतं. (मित्राची उरलेली स्ट्रिप संपवणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

मी पीएचडीची विद्यार्थिनी, डॉक्टर नव्हे. हे आकडे समजण्यासाठी आहेत, घेण्यासाठी नाहीत. उशीर झाला तर व्रण कायमचे राहतात. त्वचारोगतज्ज्ञ ओरोसला गाठा नाहीतर बांबोळीला, पण जाताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.