नखे कुरतडणारी बोटे

निवासी शाळेत नव्याने दाखल झालेल्या लहानग्यांच्या बोटांकडे आम्ही शिक्षक आवर्जून पाहतो. नखे मुळापर्यंत कुरतडलेली दिसली, की घरची आठवण आतल्या आत दाबली जात असेल, अशी शंका येते. अर्थात कंटाळा किंवा निव्वळ सवय हीही कारणे असतात.

दरडावण्याने काहीच साधत नाही, कारण हात तोंडाशी केव्हा गेला हे बहुधा मुलालाच ठाऊक नसते. बोटांना कडुनिंबाचा रस लावणे हे भान आणण्यापुरते ठीक. शिक्षा म्हणून लावला तर मूल लपून नखे खाते.

अझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय पालटण्याची पद्धत या भानापासूनच सुरू होते. हात केव्हा वर जातो, गणिताच्या तासाला की निजण्यापूर्वी, हे मुलाने आधी स्वतः ओळखावे. मग हात उचलला जाताच मूठ एक ते तीन मिनिटे घट्ट मिटावी. मिटल्या मुठीतले नख दातांखाली येत नाही! मोठ्यांनी खांद्याला हलका स्पर्श करून आठवण द्यावी, नाव घेऊन नव्हे.

चुळबुळीचे निराळे. सहा वर्षांच्या मुलाने पूर्ण तासभर निश्चल बसावे, हा हट्ट आपला. त्याला फळा पुसायला, वह्या वाटायला उठवावे.

नखांभोवती सूज वा पू दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. आणि पालकहो, सुट्टीत पाहुण्यांपुढे मुलाची बोटे धरून दाखवू नका. नखे कापून कडा घासून द्या, खडबडीत कडेकडेच दात वळतात.