हवा भरलेली काडी

या रे, बसा इथे. आधी बांधावरच्या लव्हाळ्याची तुरा आलेली एक काडी खुडून आणा. आता डोळे मिटा आणि ती चिमटीत फिरवा. तीन धारा लागतात ना? मग हराळीची काडी घ्या. तिला जागोजागी पेरं आहेत. आज ज्या झाडाची गोष्ट सांगतोय, त्याच्या काडीला धारही नाही आणि पेरही नाही. बुडापासून शेंड्यापर्यंत ती गोल, गुळगुळीत, हिरवीगार. शास्त्रातलं नाव जंकस इफ्यूसस. युरोपात, जपानात, जिथे माती कायम ओली राहते तिथे त्याची कमरेएवढी बेटं माजतात.

हे झाड नजरेला चकवतं. पानं दिसतच नाहीत. बुडाशी तपकिरी वेष्टनं असतात तीच पानं, आणि पानांचं काम करते हिरवी काडी. फुलोरा काडीच्या कुशीतून फुटल्यासारखा वाटतो. खरं तर काडी तिथेच संपलेली असते. वर जे टोक दिसतं ते फुलोऱ्याखालचं पान, अगदी काडीसारखंच गोल आणि ताठ! फूल जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं, पण भिंगातून पाहिलं तर सहा पाकळ्या नीट मोजता येतात.

आता काडी नखाने उभी चिरायची. आत पांढराशुभ्र गाभा, बाशिंगाच्या भेंडासारखा हलका. याचा एक भाऊबंद आहे, त्याची काडी निळसर, रेघारेघांची आणि आतला गाभा तुटक तुटक. आपल्या जंकसचा गाभा मात्र सलग. त्याच्या पेशी चांदणीच्या आकाराच्या असतात. टोकाला टोक लागलेलं, मधे सगळी हवा. का बरं? चिखलात मुळांना प्राणवायू मिळत नाही. तो वरून, काडीतल्या या पोकळ्यांतून खाली उतरतो. बुडत्या मुळांसाठी झाडाने स्वतःच बांधलेली ही वाट मला फार मोठी वाटते.

त्याच पोकळ्यांनी पुढे माणसाच्या घरात उजेड केला. इंग्लंडमध्ये सेलबोर्न नावाचं खेडं आहे. तिथे गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री राहत. किडामुंगीपासून पाखरापर्यंत सगळं टिपून ठेवणारा माणूस. 1775 साली त्यांनी एका पत्रात या काड्यांच्या दिव्याची हकीकत लिहिली. तेव्हा तिथे मेणबत्तीवर सरकारी कर होता आणि गरिबाला ती परवडत नसे. मग बाया-पोरं उन्हाळ्यात काड्या कापत, लगेच पाण्यात भिजत घालत आणि साल सोलत. सगळी साल काढायची नाही हं! एक बारीक पट्टी वरपासून खालपर्यंत ठेवायची, नाहीतर गाभा मोडतो. पुढे त्या दवात ठेवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि कढत चरबीत बुडवायच्या. गाभ्यातल्या हवेची जागा चरबी घेई आणि वात तयार होई. एका आंधळ्या म्हातारीला व्हाइट यांनी ही साल झरझर, क्वचितच चुकत सोलताना पाहिलं होतं. साडेअठ्ठावीस इंचांची एक काडी पेटवून त्यांनी वेळही मोजली: 57 मिनिटं. एक पौंड वाळक्या काड्या मोजल्या, त्या भरल्या 1600हून जास्त.

जपानात घरातल्या जमिनीवर तातामी नावाची जाड बैठक घालतात. तिची वरची चटई विणतात ती याच्याच एका जातीची. क्यूशू बेटावरच्या यात्सुशिरो भागात या जातीची भातखाचरांतून शेती होते. ऐन थंडीत लावणी. मे महिन्यात शेंडे छाटतात, म्हणजे बुडाशी ऊन पोचून नवे कोंब फुटतात. जून-जुलैत कापणी, आणि वाळवण्याआधी काड्या मातीच्या पाण्यात बुचकळतात. त्याने रंग टिकतो आणि तातामीचा तो ओळखीचा वास येतो.

हे शेतकरी बी पेरत नाहीत, बेटं फोडून रोपं करतात. तुम्हालाही लावायचं झालं तर तीच रीत धरा. बेट उपटून मुळांसकट तुकडे करायचे, प्रत्येकाला चार-सहा कोंब ठेवायचे. कुंडीत चिखल, कुंडी पाण्याच्या परातीत आणि परात भरपूर उन्हात. कोंब मात्र पाण्यावर राहायला हवेत. बी मिळालं तर ते धुळीइतकं बारीक असतं. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, कारण उजेड लागल्याशिवाय ते रुजत नाही. मातीत गाडलं गेलेलं बी वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं आणि कुणी जमीन उकरली की उगवतं.