एसजीपीटी वाढलं कशानं?

दारूला कधी शिवलो नाही, कावीळ नाही, तरी रिपोर्टात एसजीपीटीपुढे ठळक आकडा! एसजीपीटी आणि त्याच्या जोडीचं एसजीओटी ही विकरं एरवी यकृताच्या पेशींत असतात. पेशींना इजा झाली की रक्तात उतरतात. पहिला संशय यकृतातल्या चरबीवर, आणि तो रास्तच. मात्र एसजीओटी स्नायूंतही असतं; आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढला, तरी ते चढतं. आणि काढे? गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला. तरी झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, हे मला पटत नाही. डॉक्टरांना गोळ्यांबरोबरच काढे, चूर्णं, प्रोटीन पावडर, सगळं सांगा.