तारामतीची नाईट

सकाळचे साडेदहा. कुडाळजवळच्या एका वाडीत आबा नुकते उठलेत. काल वेंगुर्ल्याकडच्या जत्रेत नाटक होतं. घरी पोचले तेव्हा उजाडलं होतं. दशावतारी नटाचा दिवस असा भलत्याच वेळी सुरू होतो. तोंड कितीही धुतलं तरी कानामागे थोडा रंग राहिलेला असतो. "झोप गावता रे," ते म्हणतात, "पण सलग गावना नाय."

आबा स्त्रीपार्ट करतात. तारामती, द्रौपदी, दमयंती. भुवया बारीक कोरलेल्या. पडवीत लुंगीवर चहा पीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या भुवया पाहून नवखा थबकतो. वाडीला सवय झाली आहे. ती होईपर्यंत त्यांच्या मुलांनी शाळेत पुष्कळ ऐकून घेतलं.

अकरा. आबांची बायको, काकी, काजूच्या बिया घेऊन बागेतून आल्या. माघात काजू पडायला लागतो, मागोमाग आंबा. आणि नाटकांचा हंगामही नेमका हाच. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत चांगल्या नटाला मोकळी रात्र क्वचितच मिळते. कोकणात ज्या महिन्यांत चार पैसे हाती यायचे, त्याच महिन्यांत घरातला कर्ता माणूस रात्री बाहेर आणि दिवसा झोपेत. बिया वेचणं, बोंडं पिळून वेगळी करणं, वाळवणं, व्यापाऱ्याशी भाव करणं हे सगळं काकींच्या अंगावर. भाताचा तरवा लावायला आबा असतात, चतुर्थीला असतात. शिमग्याला नसतात. "चेडवाच्या हळदीक नव्हते," काकी सांगतात. आवाजात तक्रार नाही. "नाटक होता."

कलेसाठी अमक्याने त्याग केला, असं आपण लिहितो तेव्हा त्या वहीत एकच नाव घालतो. मला हे बरोबर वाटत नाही. आबांनी झोप दिली, हे खरं. बाकी जे गेलं, त्यातलं बरंचसं काकींच्या खात्यातून गेलं आहे, आणि द्यायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

एक ते चार झोप. फोन उशाशी.

साडेचार. दाढी, दोनदा. मग पेटी भरणं: नऊवारी, दागिने, केसांचा टोप, रंगाच्या डब्या, छोटा आरसा. या नाटकात रंगवायला वेगळा माणूस नसतो, ज्याने त्याने आपला चेहरा आपण करायचा. पेटीत घडी घालताना आबा एकदम जुनं बोलू लागतात. ऐन विशीत त्यांना मुंबईत नोकरी लागली होती. थोरला भाऊ तिथे होता, राहायची सोय होती, वाडीतले निम्मे तरणे तेच करत होते. एका सुट्टीत ते गावी आले, जत्रेच्या रात्री नाटक कंपनीतला एक नट आजारी पडला, आणि यांना साडी नेसवून उभं केलं. परत मुंबईला गेलेच नाहीत. भाऊ पुढे कित्येक वर्षं धड बोलला नाही. त्याच्या मुलांनी आता मुंबईत घरं घेतली आहेत, हे आबा स्वतःहून सांगतात आणि पेटी बंद करतात.

सात. टेम्पो आला. जुने नट डोक्यावर पेटारा घेऊन या गावाहून त्या गावाला चालत जायचे. आता निदान चालणं तरी सुटलं.

नऊ. देवळाबाहेर खाज्याची दुकानं, भज्यांचा वास, पोरांच्या पिपाण्या. देवळाच्या मागच्या अंगाला नट आपापले आरसे मांडतात. पेटाऱ्यापुढे दिवा लागतो, सगळे पाया पडतात. मग कंपनीचे मालक मधोमध बसून आजचं आख्यान सांगतात: हरिश्चंद्र. कुणी कुठला भाग करायचा, कुणानंतर कोण येणार, कुठे पद, कुठे युद्ध. बस्स. लिहिलेली संहिता नसते, तालीम नसते. रात्रभराची भाषणं नटाने उभ्या उभ्या रचायची. समोरचा काय बोलेल हे त्याला माहीत नसतं, आपण काय बोलू हेही पुरतं माहीत नसतं. आबा ज्याच्यासाठी मुंबई सोडून आले, ते हे आहे. नेमून दिलेलं वाक्य बोलायला ते थांबले नसते, असं मला त्यांच्याशी बोलल्यावर पक्कं वाटतं.

साडेअकरा. पायपेटी, पखवाज, झांज. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावर सरस्वती, मग वेद पळवणारा काळा संकासुर. तो मालवणीत भटजीची भंबेरी उडवतो आणि पोरं खदाखदा हसतात. आबा आत एका पेटीला टेकून डोळे मिटून बसलेले. नाकातली नथ तेवढी हलते.

दीड. तारामती रंगमंचावर. सगळं नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच अयोध्येचं सिंहासन, तेच पुढे काशीचा बाजार.

तीन वाजता माणसं पेंगतात. नेमकं याच वेळी हरिश्चंद्र बायको-मुलाला विकायला उभं करतो. परंपरेने इथे तारामती रडते आणि नवऱ्याचं सत्त्व राखायला स्वतःहून पुढे होते. आबाही पुढे झाले, पण आधी थांबले. पायपेटीवाल्याने सूर धरला होता, त्याला हाताने थोपवलं. "महाराज," ते शांतपणे म्हणाले, "वचन आपण स्वप्नात दिलंत. त्या स्वप्नात मी नव्हते, माझा रोहिदास नव्हता. ऋषींचं देणं फेडताना मात्र आम्ही आहोत. मी विकली जाईन. पण सत्यवादी म्हणून उद्या जग आपलं नाव घेईल, तेव्हा माझं मोल किती आलं तेवढं सांगा त्यांना." राजाचं काम करणारा नट जुना, मुरलेला. त्यालाही क्षणभर उत्तर सुचेना. पुढे बसलेल्या बायकांतली एकही पेंगत नव्हती.

साडेपाचला आख्यान संपलं, दहीकाला झाला. मालकांनी प्रत्येकाच्या हातात नाईट, म्हणजे रात्रीची बिदागी, ठेवली. आबांनी न मोजता ती पेटीत टाकली. मी विचारलं, ते भाषण कुठून आलं? "ता माझा न्हय," ते रंग पुसत म्हणाले. "घरात्सून इला."

साडेसात. टेम्पोने त्यांना वाडीच्या फाट्यावर सोडलं, मी बरोबर होतो. काकी टोपली घेऊन बागेकडे निघाल्या होत्या. आबा आत जाऊन आडवे झाले. मी काकींना विचारलं, हरिश्चंद्राच्या खेळातलं तारामतीचं ते बोलणं तुम्ही कधी ऐकलंय?

"आयकलंय तर. गावच्या जत्रेत," त्या म्हणाल्या. "राजाक बरा सांगतत. माका मात्र अजून कायएक बोलाक नाय." आणि टोपली कमरेवर घेऊन चालू लागल्या, कारण उन्हं चढायच्या आत बिया वेचायच्या होत्या.